दुर्बोधता, गाईड आणि आकाशगंगेचे राज्य

मराठीच्या चर्चासत्रांतून एक विधान गेली कित्येक वर्षे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला पुराव्याची गरज उरलेली नाही, असे उच्चारणाऱ्यांना वाटू लागले आहे. नव्या वाचकाला अवघड काही सोसत नाही, हे ते विधान. त्याच्या पाठोपाठ कारणांची ठरलेली यादी येते: दूरचित्रवाणी, मोबाइल, परीक्षापद्धती, इंग्रजी माध्यम आणि अर्थातच ‘गेम’. हा शेवटचा शब्द उच्चारताना आवाजात एक विशिष्ट तुच्छता उतरते, आणि सभागृहात मान डोलावली जाते. मान डोलावणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादा अवघड संगणकीय खेळ शिकण्याचा प्रयत्न केला होता, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. जी संहिता वाचलेली नाही तिच्याविषयी मत देऊ नये, हा समीक्षेचा प्राथमिक दंडक आहे. तो याच एका ठिकाणी निर्धास्तपणे मोडला जातो.

नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव उदाहरणादाखल घ्यावे. भुसावळ-बडनेरा लोहमार्गावरचे स्थानक, महामार्गालगत उभी असलेली १०५ फुटी हनुमानमूर्ती, आसपास कापसाचा मुलूख, आणि शिक्षणाचे धागे अमरावती विद्यापीठाला बांधलेले. अशा गावातला मराठी वाङ्मय घेऊन पदवीच्या वर्गात बसणारा एक विद्यार्थी कल्पावा. कल्पावा असे म्हणायचे ते एवढ्यासाठीच की तो एकटा नाही. दिवसा वर्गात मर्ढेकरांच्या कवितेपुढे तो ‘कळत नाही’ म्हणून हात टेकतो. रात्री साध्याशा लॅपटॉपवर ‘स्टेलारिस’ नावाचा खेळ उघडतो, चौथ्यांदा हरतो आणि पाचव्यांदा पहिल्यापासून आरंभ करतो. चर्चासत्रांतील विधान खरे असेल तर हे दुसरे दृश्य अशक्य ठरले पाहिजे. ते अशक्य नाही, म्हणून विधानच तपासले पाहिजे.

‘स्टेलारिस’ हा स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेने मे २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला खेळ. अवकाशातील साम्राज्यविस्तार हा त्याचा विषय. या कुळाची परंपरा १९९३ मधील ‘मास्टर ऑफ ओरायन’पर्यंत सहज मागे नेता येते. त्या खेळाची ओळख करून देताना ॲलन एमरिच या समीक्षकाने ‘फोर-एक्स’ ही संज्ञा वापरली. एक्सप्लोअर, एक्स्पांड, एक्स्प्लॉइट, एक्स्टर्मिनेट या चार क्रियापदांवरचा तो शब्दखेळ होता. मराठीत शोध, विस्तार, दोहन आणि उच्छेद असे म्हणता येईल. थट्टेत घडलेली संज्ञा पुढे परिभाषा होऊन बसली, आणि चौथ्या क्रियापदाचा कोणाला दचका बसेनासा झाला.

खेळ इ. स. २२०० मध्ये सुरू होतो. दोनशेपासून हजारापर्यंत ताऱ्यांची आकाशगंगा, तीत एक ग्रह, एक संशोधननौका, एक बांधकामनौका आणि मोजक्या लढाऊ नौका एवढे भांडवल हाती असते. त्याआधीच प्रजेचा स्वभाव ठरवावा लागतो: ती अध्यात्मवादी की जडवादी, युद्धखोर की शांतताप्रिय, परक्यांविषयी स्नेह बाळगणारी की द्वेष. या शब्दांचे खेळातील परिणाम काय होतात हे कळण्याच्या आधीच त्यांची निवड करावी लागते, ही या संहितेची पहिली क्रूरता होय. नंतर ऊर्जा, खनिजे, अन्न, उपभोग्य वस्तू, मिश्रधातू, प्रभाव, ऐक्य असे आकडे पडद्याच्या माथ्यावर हलू लागतात. काळ केव्हाही थांबवता येतो. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे बोटांच्या चपळाईचा प्रश्नच निकालात निघतो. खेळाडू वाटेल तितका वेळ विचार करू शकतो. तरीही तो हरतो.

हरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. नवशिका खनिजे साठवत जातो, कारण आकडा वाढताना दिसतो. साठवलेले खनिज म्हणजे न उभारलेला कारखाना, हे त्याला उमगलेले नसते. मग कोणीतरी सांगितले म्हणून घाईघाईने वसाहती करतो. वसाहतींना उपभोग्य वस्तू लागतात, त्या कमी पडल्या की असंतोष वाढतो, असंतोषाने उत्पादन घटते, उत्पादन घटल्याने मिश्रधातू मिळत नाहीत, आणि मिश्रधातूंवाचून नौदल नाही. नेमके याच वेळी शेजारचे साम्राज्य युद्ध पुकारते. नवशिक्याला वाटते की तो युद्धात हरला. वस्तुतः तो वीस वर्षांपूर्वी, एका शांत दिवशी, कोणता उद्योग कोठे काढायचा या क्षुल्लक वाटलेल्या निर्णयात हरलेला असतो. अंश कळण्यासाठी पूर्ण कळावे लागते आणि पूर्ण कळण्यासाठी अंश, हे अर्थनिर्णयनाचे वर्तुळ व्याख्यानांतून पुष्कळदा समजावून दिले जाते. ते अंगावर येणे म्हणजे काय, हे नांदुऱ्यातल्या त्या विद्यार्थ्याला समजावून देण्याची गरज नाही.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. खेळात बक्षीस असते, गुण असतात, विजयाची नशा असते. म्हणून तेथे धडपड सोसली जाते, आणि कविता असले कोणतेही आमिष दाखवीत नाही. आक्षेप वरवरचा आहे. आमिषाच्या बळावर चालणारे खेळ आहेत, आणि ते पुष्कळ आहेत; दर दोन मिनिटांनी नाण्यांचा खणखणाट ऐकवणारे मोबाइलवरचे खेळ ज्याला पाहायचे त्याने पाहावेत. प्रस्तुत खेळ त्या जातीचा नाही. येथे पहिल्या कित्येक रात्री पराभवाखेरीज काही मिळत नाही, आणि पराभवाचे कारणही मिळत नाही. तरी मन रमते, कारण आपण हरलो ते काही नियमांनी हरलो, आणि ते नियम शोधता येतील, असा विश्वास त्या व्यवस्थेने निर्माण केलेला असतो. मराठी गद्याच्या अगदी उगमाशीही एक हरलेला डाव आहे. ‘लीळाचरित्रा’तील हरिपाळदेव द्यूतात हरतो, कमळाइसा अलंकार द्यायला नकार देते, आणि त्या प्रसंगातून जे वैराग्य उपजते तेथून चक्रधरांकडे जाणारी वाट सुरू होते. हरणे हा येथे ज्ञानाचा आरंभ आहे, हे विसरून खेळाला केवळ करमणूक म्हणणाऱ्यांनी महानुभावांचे ‘लीळा’ हे पदच पुन्हा एकदा वाचलेले बरे.

आता मर्ढेकरांकडे वळता येईल. ‘काही कविता’ १९४७ मध्ये आली आणि दुर्बोधतेचा जो वाद मराठीत पेटला त्याचा धूर अजून पुरता विरलेला नाही. त्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: दुर्बोधता हा कवितेचा गुणधर्म आहे, मग तो दोष असो की भूषण. दुर्बोधता ही वाचण्याच्या क्रियेत घडणारी घटना आहे, तिला कालावधी असतो, तिच्या पायऱ्या असतात आणि ती शिकवता येते, हा विचार तेव्हा मागेच राहिला. जॉर्ज स्टायनर यांनी १९७८ मध्ये अवघडपणाचे चार प्रकार मांडले. पहिला आगंतुक: शब्द, संदर्भ, नाव माहीत नसते, आणि ते शोधून काढता येते. दुसरा वृत्तिगत: सर्व संदर्भ कळूनही त्या लेखनाच्या भावविश्वाशी वाचकाचे सूर जुळत नाहीत. तिसरा हेतुपूर्वक: कवीने जाणूनबुजून भाषेची वाट अडवलेली असते. चौथा अस्तित्वविषयक: भाषा म्हणजे काय, कविता कोणासाठी, हा करारच तेथे प्रश्नांकित होतो. मर्ढेकरांवरील बहुतेक आक्षेप पहिल्या दोन प्रकारांचे होते आणि बहुतेक समर्थने तिसऱ्या-चौथ्या प्रकारांची. त्यामुळे वाद रंगला. निकालात निघाला नाही.

हे वर्गीकरण खेळाला लावून पाहिले की काही अनपेक्षित गोष्टी दिसतात. खेळातील अवघडपणाचा मोठा भाग आगंतुक आहे. प्रत्येक चिन्हावर बाण नेला की स्पष्टीकरण उमटते, स्पष्टीकरणातील संज्ञेला आणखी एक स्पष्टीकरण असते. वृत्तिगत अवघडपणही आहे: शांतताप्रिय स्वभावाच्या खेळाडूला आक्रमक साम्राज्य चालवणे जमत नाही, आणि ते न जमणे त्याला स्वतःविषयी काही सांगून जाते. हेतुपूर्वक अवघडपण तर रचनेतच आहे. नवे तंत्रज्ञान निवडताना सगळे पर्याय कधीच समोर ठेवले जात नाहीत, पत्ते पिसून वाटावेत तसे मोजके पर्याय येतात आणि त्यांतूनच वाट काढावी लागते. श्क्लोव्हस्की यांनी १९१७ मध्ये कलेच्या रूपाविषयी जे म्हटले, की ते संवेदन अवघड करते आणि लांबवते, ते येथे तंतोतंत लागू पडल्यासारखे वाटते.

पण फक्त वाटते. येथेच दुसऱ्या पक्षाचा समाचार घेणे भाग आहे. खेळाला तुच्छ लेखणारे जसे न खेळता बोलतात, तसे खेळाला ‘संहिता’ म्हणून डोक्यावर घेणारेही पुष्कळदा न खेळताच लिहितात. एस्पेन आर्सेथ यांचे ‘सायबरटेक्स्ट’ १९९७ मध्ये आले. ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला नुसते पान उलटण्यापलीकडचे श्रम करावे लागतात, तिच्यासाठी त्यांनी ‘एर्गोडिक’ ही संज्ञा योजली. संज्ञेचा सगळा भर श्रमावर होता. तिचा पुढचा प्रवास मात्र नेमका श्रम वगळून झाला. आंतरजालावरील चित्रफिती पाहून, कथानकाचा सारांश वाचून, एखाद्या परग्रहवासी जमातीच्या चित्रणात ‘अन्य’ कसा घडवला जातो याचे विवेचन करता येते, आणि त्यात बार्थपासून बोद्रियारपर्यंत सर्वांची नावे बसवताही येतात. असे विवेचन खेळाच्या चित्रांविषयी असते. खेळ हा चित्रांत नसतो, नियमांत असतो. आणि नियम हे शिकल्याशिवाय दिसत नाहीत. इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये प्रक्रियेच्या वक्तृत्वाची जी कल्पना मांडली तिचा रोख हाच होता: खेळ आपला युक्तिवाद शब्दांनी करीत नाही, काय केले असता काय होते या नियमबद्धतेने करतो. तो युक्तिवाद ऐकायचा तर हरावे लागते. ज्याने नाटक पाहिले नाही त्याने नाट्यप्रयोगाची समीक्षा लिहू नये, इतकी ही साधी गोष्ट आहे.

आणि येथे मर्ढेकरांच्या कवितेहून खेळाचे अवघडपण वेगळे पडते. कवितेची दुर्बोधता ओसरली तरी तिचा काटा राहतो. दहाव्या वाचनानंतरही प्रतिमा अंगाला खुपते, आणि ती खुपेनाशी झाली तर तो वाचकाचा तोटा. खेळाची दुर्बोधता ओसरते ती सवयीत विरून. ज्या क्षणी खेळाडूला नियम पुरते अवगत होतात त्या क्षणी नियम दिसेनासे होतात. उरते ते केवळ काय करायचे याचे ज्ञान. आरंभी जो आकडा पाहून तो थबकला होता, की एका ग्रहावरची अमुक इतकी ‘लोकसंख्या’ या परिभाषेत ‘पॉप’ नावाच्या एककांत मोजली जाते, आणि तिला कामाला लावता येते, हलवता येते, गुलाम करता येते, नष्टही करता येते, तो आकडा शंभराव्या तासाला फक्त आकडा असतो. अनोळखी करणाऱ्या अवघडपणाचा येथे उलट उपयोग होतो: एक दृष्टी प्रथम अनोळखी म्हणून समोर येते आणि धडपडीच्या बळावर ती स्वतःची होऊन बसते. म्हणून धडपडीचा काळ हाच समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा काळ आहे. तेव्हा नियम नियम म्हणून दिसतात. निष्णात खेळाडू हा खेळाचा उत्तम समीक्षक असतो, या समजुतीत फारसे तथ्य नाही. आणि न खेळलेला तर मुळीच नसतो. अडखळणारा खेळाडू हाच खरा वाचक.

हा अडखळण्याचा काळ टाळण्याची सोय दोन्हीकडे झाली आहे, आणि तिचे नावही दोन्हीकडे एकच आहे: गाईड. खेळासाठी मार्गदर्शिका असतात. पहिल्या दहा वर्षांत काय बांधायचे, कोणता स्वभाव निवडायचा, कोणता क्रम ‘सर्वोत्तम’, हे सर्व त्यांत लिहिलेले असते. त्या समोर ठेवून खेळणारा जिंकतो आणि काहीही शिकत नाही. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हा अनुभव नवा नाही. कवितेआधी त्याच्या हाती कवितेचा ‘आशय’ पडतो, ‘भाषाशैली’ पडते, ‘२१ अपेक्षित’च्या धर्तीवरचे प्रश्न पडतात. कवितेने त्याला हरवण्याआधीच गाईडने त्याच्या वतीने ती जिंकलेली असते. मर्ढेकर त्याला अवघड वाटतात हे खरे नाही; मर्ढेकर त्याला भेटलेलेच नसतात. ‘कळत नाही’ हे तो कवितेविषयी म्हणत नसून, कवितेतून गाईडमधील उत्तर कसे निघाले ते कळत नाही, असे म्हणत असतो. हा प्रश्न अत्यंत योग्य आहे. त्याला उत्तर देणे ज्यांचे काम होते ते चर्चासत्रात बसून नव्या पिढीच्या अक्षमतेवर निबंध वाचत आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींची नावे त्या गाईडांच्या मुखपृष्ठांवर आहेत.

रात्रीच्या खेळात मात्र तो गाईड न उघडता हरणे पत्करतो. नेहमी नव्हे, पण पुष्कळदा. हा फरक खेळाच्या श्रेष्ठतेतून येत नाही. तेथे त्याची परीक्षा नसते, एवढेच त्याचे कारण आहे.

अवकाश म्हटले की मराठी वाचकाला जयंत नारळीकर आठवतात. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’ या पुस्तकांनी जे अवकाश मराठीत आणले ते कुतूहलाचे होते. परग्रहावरून येणारा तेथे मुख्यतः ज्ञानाचा प्रश्न घेऊन येतो. ‘फोर-एक्स’ खेळांचे अवकाश हे जमाबंदीचे अवकाश आहे. त्याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे, उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. लोककथेत तेथे लवणासुर मारला गेला. भूशास्त्रात तेथे आघाताने वितळलेला खडक सापडतो. ‘स्टेलारिस’च्या संशोधननौकेला असे काही आढळले तर पडद्यावर चार वाक्यांची एक चौकट उघडते, आणि शेवटी संशोधनाच्या आकड्यात थोडी भर पडते. चौकटीतील वाक्ये पुष्कळदा चांगली लिहिलेली असतात. दहाव्या खेपेला ती कोणी वाचत नाही. नजर थेट भर पडलेल्या आकड्याकडे जाते. यक्षाची देणगी येथे जमाखर्चात लिहिली जाते.

जमाखर्चाची ही दृष्टी वऱ्हाडाला अपरिचित नाही. तो तिच्या दुसऱ्या बाजूला उभा होता, इतकेच. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलाखाली वऱ्हाडाच्या महसुलाची वाटणी होत होती. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडला लढाई झाली, आणि त्याच डिसेंबरात देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क गेला. पुढे १८५३ मध्ये निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ मध्ये त्याचा कायमचा पट्टा झाला आणि पाठोपाठ तो मध्य प्रांताला जोडला गेला. एका राज्याच्या रक्षणासाठी दुसऱ्याची फौज, त्या फौजेच्या खर्चासाठी पहिल्याचा मुलूख, आणि मुलखातील माणसांना यांपैकी कशाचीही वार्ता नाही: खेळातील संरक्षित राज्याचे कलम वाचताना हा सगळा व्यवहार शब्दशः ओळखीचा वाटावा. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग नांदुऱ्यावरून नागपूरकडे गेला. नांदुऱ्याच्या पूर्वेला जलंब, आणि जलंबहून खामगावच्या कापूस बाजाराकडे जाणारा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. अमेरिकेतील यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता, याची आठवण ताजी होती. बांधकामनौका ज्या तर्काने खनिजाच्या ग्रहाकडे धाडली जाते त्याच तर्काने हा फाटा टाकला गेला.

याचा अर्थ खेळ म्हणजे वसाहतवाद असे समीकरण मांडून मोकळे व्हावे, असा नाही. ते समीकरण फार स्वस्त आहे आणि गेली दोन दशके सर्वत्र मिळते. प्रश्न वाचकाच्या स्थानाचा आहे. स्टॉकहोममधला खेळाडू आणि नांदुऱ्यातला खेळाडू एकच डाव शिकतात, तेव्हा त्यांचे शिकणे एकच असते काय? न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनात सविकल्प समाधीची जी कल्पना मांडली ती येथे फार उपयोगी पडते, आणि ती जुनी म्हणून अडगळीत टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या अवस्थेत शिरतो; तादात्म्य पुरते झाले तर आनंद नाही, आणि मुळीच झाले नाही तरी नाही. अवकाशातील साम्राज्याचा शास्ता होताना नांदुऱ्यातल्या विद्यार्थ्याचा ‘विकल्प’ कोणता राहतो? खिडकीतून ऐकू येणारी मालगाडी, की घरचा कापूस कोणत्या भावाने गेला याचा हिशेब? विकल्प टिकला तर तो अधूनमधून थांबेल. काळ थांबवण्याची कळ त्यासाठीही वापरता येते. विकल्प टिकला नाही तर तो उत्तम खेळेल.

टिकण्याचा संबंध भाषेशी आहे. ‘स्टेलारिस’ मराठीत उपलब्ध नाही. मराठीभाषक त्याला शिकतो तो इंग्रजीतून. स्टायनर यांच्या पहिल्या प्रकाराला सर्वांत उथळ मानण्याची रीत आहे, कारण शब्दकोश उघडला की तो संपतो. ही रीत ज्यांच्या घरी नेमका तो शब्दकोश आहे त्यांची आहे. एमएस-सीआयटीच्या वर्गात संगणकाची ओळख झालेल्या आणि इंग्रजी केवळ एक विषय म्हणून शिकलेल्या मुलाला ‘ट्रिब्युटरी’, ‘व्हॅसल’, ‘क्लेम’, ‘स्टेटस को’ हे शब्द अर्थाआधी परिणामांतून कळतात. अमुक कळ दाबली की दर महिन्याला ऊर्जा येऊ लागते, म्हणजे ‘ट्रिब्युटरी’ म्हणजे ऊर्जा देणारा. परिणामातून शिकलेल्या शब्दाला इतिहास नसतो. आणि गंमत अशी की या शब्दांसाठी मराठीइतकी समृद्ध भाषा शोधून सापडणे कठीण. खंडणी, चौथाई, सरदेशमुखी, मांडलिक, तैनाती, मुलूखगिरी, तहनामा, जप्ती, रसद, ठाणे: यांतला प्रत्येक शब्द कोणीतरी भोगलेला आहे. ‘ट्रिब्युटरी’ला चौथाई देणारा मुलूख म्हटले की लगेच विचारावेसे वाटते, चौथाईच्या बदल्यात संरक्षण मिळाले काय? खेळाच्या इंग्रजीत हा प्रश्न उठत नाही.

राज्यकारभाराची भाषा बदलली की राज्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हे मराठीत कोणी प्रथमच सांगत नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला तो याच जाणिवेतून. ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांचा वेगळा विचार होतो, कारण इतर सावकारांसारखे ते नुसते सावकार नसून त्यांच्या पाठीशी राजे आहेत, हे अमात्यांनी ओळखले होते. ६ डिसेंबर २०१८ रोजी ‘स्टेलारिस’मध्ये व्यापारी कंपनीलाच साम्राज्य म्हणून खेळण्याची सोय झाली, तेव्हा खेळाडूंना ती मोठी नवलाई वाटली. ‘आज्ञापत्र’ वाचलेल्या खेळाडूला तशी वाटली नसती. पण ‘आज्ञापत्र’ अभ्यासक्रमात असते ते गद्यशैलीच्या नमुन्यादाखल. आणि खेळ अभ्यासक्रमात नसतोच.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. या खेळाच्या सुधारित आवृत्त्यांना तेव्हा विज्ञानकथालेखकांची नावे देण्याची प्रथा होती. क्लार्क, असिमॉव्ह, लेम अशी ती मालिका होती. २०१८ च्या डिसेंबरातील आवृत्तीचे नाव ‘ल ग्विन’. तिने ग्रहावरील सगळी अर्थव्यवस्था पालटून टाकली: जुनी चौकटींची रचना गेली, लोकसंख्येला कामे आणि स्तर आले, वस्तूंचे नवे प्रकार आले. दोन वर्षे धडपडून जे शिकले होते त्यांचे ज्ञान एका रात्रीत निरुपयोगी झाले आणि निष्णात पुन्हा नवशिके झाले. अर्सुला ल ग्विन यांनी ‘द डिस्पझेस्ड’ या १९७४ च्या कादंबरीत मालमत्तेवाचूनचा समाज कल्पिला होता. त्यांचे नाव ज्या आवृत्तीला मिळाले तिने माणसे मोजण्याची पद्धत अधिक बारीक केली. पण तिनेच, काही आठवड्यांपुरते का होईना, नियम पुन्हा दिसते केले. अचल संहितेची सवय असलेल्या समीक्षेकडे अशा संहितेसाठी अजून पद्धत नाही. मराठीत ती घडवायची असेल तर पहिले काम परिभाषेचे आहे, आणि ते ‘संहिता’, ‘अवकाश’, ‘अन्य’ या हुकमी शब्दांनी भागणार नाही. ‘पॉप’ या एका एककाला मराठीत काय म्हणावे, येथूनच आरंभ करता येईल. ‘प्रजा’ म्हटले तर राजा गृहीत धरला जातो, ‘रयत’ म्हटले तर महसूल, ‘कूळ’ म्हटले तर जमीन आणि मालक, ‘माणसे’ म्हटले तर गुलामीची कळ दाबताना हात अडखळेल. वऱ्हाडात यांपैकी प्रत्येक शब्द केव्हा ना केव्हा सरकारी कागदावर चढलेला आहे, शेवटचा वगळता.